पोटातली राखण

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. पाठोपाठ इथे बदलून आलेल्या आणि इथलेच असलेल्या आपण नोकरदारांनी ही सोसायटी उभी केली. पंचवीस वर्षांतल्या आठवणी, बोअरवेलची कथा, पार्किंगचे तंटे, हे सगळे इतर वक्ते सांगतीलच. मला समितीने आरोग्यावर बोला असे सांगितले. मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. झालो, बँकेत लागलो आणि तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, शहादा अशा शाखा करत करत निवृत्त झालो. पण वाचनाची आवड आहे, आणि कोणीही आकडा सांगितला की व्हाउचर मागायची सवय बँकेने लावली आहे. त्या सवयीने जे तपासले तेवढेच आज सांगतो.

विषय निवडला तो दोन प्रश्नांमुळे. पहिला प्रश्न आपल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावरचा. डॉक्टर अँटिबायोटिक देतात, त्यासोबत मेडिकलवाला ‘चांगल्या जंतूंची’ कॅप्सूल देतो. ती प्रत्येक वेळी घ्यायचीच का? दुसरा प्रश्न आपल्या जिन्याची झाडलोट करणाऱ्या ताईंनी विचारला. त्यांची लेक धडगावकडे एका पाड्यावर बाळंत झाली. बाळ एक किलो नऊशे ग्रॅमचे. ताई म्हणाल्या, “साहेब, टीव्हीवर ते चांगल्या जंतूंचं पाणी दाखवतात, ते बाळाला पाजलं तर चालंल का? मागल्या पावसाळ्यात आमच्या पाड्यावर जुलाबानं एक लेकरू गेलं.”

पहिल्या प्रश्नावर आपण कट्ट्यावर हसतखेळत अर्धा तास बोललो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र अंदाजाने उत्तर देऊन चालणार नव्हते. म्हणून डॉक्टरांना विचारले, मिळेल ते वाचले.

आता मुळापासून सुरू करू. आपल्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात असा २०१६ मधला एक नेमका हिशेब आहे. आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. म्हणजे जवळपास बरोबरी. पूर्वी ‘दहास एक’ असे सांगत, तो आकडा आता मागे पडला. या सगळ्या जिवाणूंचे वजन फक्त २०० ग्रॅमच्या आसपास. एवढीशी ही मंडळी, पण आपल्या आतड्याची राखण मुख्यतः तीच करतात.

ही राखण किती मोलाची, ते अमेरिकेत १९५४ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगातून कळले. साल्मोनेला नावाचा जंतू उंदराला रोगी करायचा तर साधारण एक लाख जंतू पोटात जावे लागत. मग संशोधकांनी उंदरांना आधी स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकचा एकच डोस दिला. त्यानंतर दहापेक्षाही कमी जंतू पुरले! कुठे एक लाख आणि कुठे दहा. साल्मोनेला तोच होता. फरक एवढाच की घरात राहणारे जिवाणू औषधाने मेले होते आणि आतडे मोकळे पडले होते. आपल्याकडे एखादा फ्लॅट वर्षभर बंद राहिला तर काय होते ते सेक्रेटरी साहेबांना विचारा. आधी कबुतरे शिरतात, मग घुशी, मग आणखी कोणी.

चांगले जिवाणू हानिकारक जंतूंना नेमके रोखतात कसे? याचे पाच-सहा मार्ग माहीत झाले आहेत.

पहिला मार्ग जागेचा. आतड्याच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर असतो. जंतूला रोग करायचा तर तिथे चिकटावे लागते. चिकटायच्या जागा आधीच भरलेल्या असल्या की तो पुढे ढकलला जातो आणि शौचावाटे बाहेर पडतो.

दुसरा मार्ग खाण्याचा. साखर, लोह, अमिनो आम्ले या गोष्टी जंतूलाही लागतात. घरचे जिवाणू त्या आधीच संपवून टाकतात. याचे जुने उदाहरण १९१७ सालचे आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निसले यांना एक सैनिक आढळला. त्याच्या सोबतचे सैनिक आमांशाने आणि जुलाबाने आडवे झाले होते, हा मात्र ठणठणीत. निसले यांनी त्याच्या शौचातून ई. कोलाय जातीचा एक जिवाणू वेगळा काढला. तो आजही औषध म्हणून वापरला जातो. लोह ओढून घेण्यात तो पटाईत आहे, असे पुढे दिसून आले. ई. कोलाय म्हटले की आपण घाबरतो, पण त्या नावाचे सगळेच वाईट नसतात. ही गोष्ट पुढे परत लागणार आहे.

तिसरा मार्ग आंबटपणाचा, आणि तो आपल्या भगिनींना माझ्यापेक्षा जास्त कळतो. दूध नुसते बाहेर राहिले तर नासते. त्याच दुधाला विरजण लावले तर दही होते आणि लवकर खराब होत नाही. का? विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात सडवणारे जंतू वाढू शकत नाहीत. आपल्या खानदेशात कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, बिबड्यांसाठी ज्वारी भिजवतात. पातेल्याला जो आंबूस वास येतो ती याच जिवाणूंची खूण. आतड्यातही तसेच घडते. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांवर दाखवले की बिफिडोबॅक्टेरियम या गटातले काही जिवाणू ॲसेटिक आम्लाचे क्षार तयार करतात आणि त्यामुळे ई. कोलायच्या एका जीवघेण्या वाणापासून उंदीर वाचतात. गंमत म्हणजे बिफिडोबॅक्टेरियमच्याच दुसऱ्या वाणांना हे जमले नाही.

चौथा मार्ग थेट माऱ्याचा. काही जिवाणू शेजारच्या जंतूंना मारणारी छोटी प्रथिने सोडतात. त्यांना बॅक्टेरिओसिन म्हणतात. आयर्लंडच्या संशोधकांनी २००७ मध्ये लॅक्टोबॅसिलसचा एक वाण घेतला. तो उंदरांना लिस्टेरिया या जंतूपासून वाचवत होता. मग त्यांनी त्या वाणाची बॅक्टेरिओसिन बनवण्याची शक्ती काढून घेतली. झाले, संरक्षणही गेले.

पाचवा मार्ग निरोप तोडण्याचा. जंतू एकटादुकटा असताना गप्प असतो. रासायनिक खुणा सोडून तो आपली संख्या अजमावतो आणि पुरेशी गर्दी झाली की मगच सगळे मिळून पाय रोवतात. थायलंडच्या खेड्यांतल्या २०० निरोगी माणसांची तपासणी करून २०१८ मध्ये एक शोध जाहीर झाला. ज्यांच्या आतड्यात बॅसिलस गटाचे जिवाणू होते, त्यांच्यापैकी एकाच्याही आतड्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा पू करणारा जंतू सापडला नाही. बॅसिलस जे द्रव्य सोडतो त्यामुळे या जंतूचे निरोपच पोचत नाहीत. मग तिथेच ११५ माणसांवर चाचणी झाली. ३० दिवस बॅसिलस सब्टिलिस घेणाऱ्यांच्या शौचातील तो जंतू जवळजवळ ९७ टक्क्यांनी घटला. इथे मारामारी झालीच नाही. फोन तेवढे कापले गेले.

सहावा मार्ग मला सगळ्यांत आवडला. आपण भाकरी, डाळी, भाज्या खातो त्यातला चोथा आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्यापासून ब्युटिरेट नावाचे द्रव्य करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी हे ब्युटिरेट जाळून जगतात आणि जाळताना प्राणवायू वापरून टाकतात. त्यामुळे आतड्याच्या पोकळीत प्राणवायू फारसा उरत नाही. साल्मोनेला आणि ई. कोलायसारख्यांना प्राणवायू मिळाला की ते जोमाने वाढतात. तो मिळाला नाही की दबून राहतात. म्हणजे कळण्याची भाकरी आणि नवापूरच्या तुरीची डाळ खाणारा माणूस नकळत राखणदाराला जेवू घालतो.

याशिवाय हे जिवाणू आतड्याच्या पेशींमधले सांधे घट्ट ठेवतात आणि आपल्या प्रतिकारशक्तीला सराव देत राहतात.

हे सगळे ऐकून तुम्ही म्हणाल, मग रोज एक कॅप्सूल घेतली की काम झाले. इथेच सावध व्हायला हवे.

प्रोबायोटिक म्हणजे काय, याची व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये ठरवली. जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात, आणि घेणाऱ्याला फायदा झालेला दिसला पाहिजे. या तीन अटी आहेत. तिन्ही पूर्ण व्हायला हव्यात.

कल्पना मात्र जुनी. रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकोव्ह यांना प्रतिकारशक्तीवरील कामासाठी १९०८ चे नोबेल मिळाले. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध पितात म्हणून दीर्घायुषी असतात, असे त्यांचे मत होते. हे नाव आपल्याला परके वाटेल. पण ज्यांच्या नावाने मुंबईत परळला संस्था आहे, ज्यांनी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, ते हाफकिन ओडेसामध्ये याच मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी. आंबट दुधाविषयीचा गुरुजींचा कयास मात्र पुरता टिकला नाही. दह्याचा तो बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात वस्ती करत नाही. आला, काही काम केले आणि गेला.

आजच्या बहुतेक प्रोबायोटिकचेही तसेच आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ते चालू खाते आहे, मुदत ठेव नव्हे. घेणे थांबवले की काही दिवसांत शिल्लक शून्यावर येते.

दुसरी गोष्ट वाणाची. आपल्याकडे शेतकरी दुकानात जाऊन नुसते “कापसाचं बी द्या” म्हणत नाही. कोणता वाण, कोरडवाहू का बागायती, ते विचारतो. इथेही तसेच आहे. ‘लॅक्टोबॅसिलस’ हे नाव पिकाचे झाले. एका वाणाने जे साधले ते दुसऱ्याला साधेलच असे नाही. मघाशी बिफिडोबॅक्टेरियमचे पाहिलेच. त्यामुळे पाकिटावर वाणाचे पूर्ण नाव, जिवंत जिवाणूंची संख्या आणि मुदत लिहिलेली आहे का ते पाहावे. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत.

आता ताळेबंद मांडू. आधी जमेची बाजू.

कोलकात्याच्या झोपडपट्टीतल्या १ ते ५ वयाच्या ३,७५८ मुलांवर एक मोठी चाचणी झाली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्या मुलांना १२ आठवडे रोज जपानचे शिरोटा वाणाचे आंबवलेले पेय दिले, बाकीच्यांना तसेच दिसणारे साधे पेय. जुलाबाचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाले. फायदा झाला, पण बेताचाच.

त्याहून मोठी बातमी ओडिशाची. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली. ती २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आली. त्यांनी आधी २८० हून अधिक वाण तपासले आणि त्यातून लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक वाण निवडला. तो, आणि सोबत त्या जिवाणूचे खाद्य म्हणून एक प्रकारची साखर, असे मिश्रण जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत फक्त ७ दिवस दिले. दोन महिन्यांपर्यंत बाळांवर लक्ष ठेवले. ज्यांना ते दिले नव्हते त्या शंभरांपैकी ९ बाळांना रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग झाला किंवा ती दगावली. ज्यांना दिले त्यांच्यात हे प्रमाण ५.४ वर आले. म्हणजे ४० टक्के घट, आणि औषधाचा खर्च एका बाळामागे साधारण एक डॉलर. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने हा आकडा विसरू नये. पण त्याची अटही विसरू नये. चाचणीतली बाळे किमान दोन किलोची, ३५ आठवडे पोटात वाढलेली, आजाराचे लक्षण नसलेली आणि आईचे दूध पिणारी होती.

आता नावेची बाजू.

लहान मुलांना जुलाब सुरू झाल्यावर प्रोबायोटिक दिल्याने काय होते? अमेरिका आणि कॅनडात दोन मोठ्या चाचण्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत मिळून अठराशेवर मुले होती. फायदा दिसला नाही. पुढे २०२० मध्ये जगभरातल्या ८२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. दोन दिवसांहून जास्त टिकणाऱ्या जुलाबावर फारसा परिणाम होत नसावा, असाच निष्कर्ष निघाला.

काही वेळा तर अपाय होतो. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांना प्रोबायोटिक दिले. २००८ च्या त्या अहवालात, औषध घेतलेल्यांपैकी १६ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी ६ टक्के. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये इशारा दिला की रुग्णालयातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक दिल्याने जिवाला धोका होऊ शकतो. कारण सरळ आहे. हे शेवटी जिवंत जंतू आहेत. ज्याची भिंतच कच्ची, त्याच्या रक्तात ते शिरू शकतात.

आपण ज्येष्ठ मंडळी रुग्णालयात दाखल झालो आणि बरेच दिवस अँटिबायोटिक चालले, की एका जंतूची भीती असते. त्याचे नाव क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल. मोकळ्या पडलेल्या आतड्यात तो शिरतो आणि जुलाब थांबत नाहीत. प्रोबायोटिकने हा टळतो का? अनेक छोट्या अभ्यासांची बेरीज केली तर, जिथे या आजाराचा धोका मुळातच जास्त तिथे, उपयोग दिसतो. पण ब्रिटनमध्ये ६५ वर्षांवरच्या जवळपास तीन हजार रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल २०१३ मध्ये आला, आणि त्यात फायदा आढळला नाही.

त्याच वर्षी नेदरलँड्समधून एक विलक्षण निकाल आला. हा आजार वारंवार उलटणाऱ्या रुग्णांच्या आतड्यात निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू नळीने सोडले. ऐकायला कसेसेच वाटते, मान्य! पण १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच वेळी बरे झाले. नुसत्या अँटिबायोटिकवर १३ पैकी ४ बरे झाले. एकदोन जातींची कॅप्सूल जे करू शकली नाही ते संपूर्ण वस्तीने केले.

आणखी एक निकाल सांगतो. इस्रायलमध्ये २१ निरोगी स्वयंसेवकांना अँटिबायोटिक दिले. नंतर काहींना अनेक वाणांचे प्रोबायोटिक दिले, काहींना काहीच दिले नाही, काहींना त्यांचेच आधी जपून ठेवलेले जिवाणू परत दिले. स्वतःचे जिवाणू परत मिळालेल्यांची वस्ती काही दिवसांत पूर्ववत झाली. काहीच न घेतलेल्यांची हळूहळू झाली. प्रोबायोटिक घेतलेल्यांची सगळ्यांत उशिरा, काही महिने लोटूनही पुरती झाली नव्हती. २०१८ ची गोष्ट. चाचणी छोटी आहे हे खरे, पण पाहुण्याला घर दिले की मालकाला परत यायला वेळ लागतो, हे त्यातून दिसते.

आता कट्ट्यावरच्या प्रश्नाचे उत्तर. अँटिबायोटिकसोबत ती कॅप्सूल प्रत्येक वेळी हवीच असे नाही. डॉक्टरांनी कारण सांगून लिहिली तर जरूर घ्या. मेडिकलवाल्याने आपणहून सरकवली तर विचारा. कर्करोगाचे उपचार चालू असतील, प्रत्यारोपण झाले असेल, नसेतून अन्न-औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. पण त्याहून मोठा प्रश्न असा की ते अँटिबायोटिक तरी हवेच होते का? सर्दी-पडसे विषाणूने होते, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. मात्र आतड्यातली राखण त्याने उठते. औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, ही मोहीम सरकारने २०१६ मध्ये सुरू केली. घरी जाऊन औषधांचा डबा उघडा आणि किती पाकिटांवर लाल रेघ आहे ते मोजा.

दही-ताक खावे का? अवश्य. जेवणाबरोबर ताजे ताक घ्यावे. पोषण मिळते, पचायला हलके. फक्त त्याला औषध समजू नये, कारण घरच्या विरजणात कोणता वाण आहे ते कोणालाच ठाऊक नसते. आणि कढी उकळली, इडली वाफवली, बिबडे तळले की त्यातले जिवाणू मेले. चव राहिली, ती काय कमी आहे? आपल्या घरच्या जिवाणूंना पोसायचे असेल तर ज्वारी, बाजरी, डाळी, शेंगदाणे, पालेभाज्या हेच खरे.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो. त्यांच्या नातवाला ते बाटलीतले पाणी द्यायचे नाही. बाळ दोन किलोच्या आत. ओडिशाच्या चाचणीत असे बाळ घेतलेच नव्हते. शिवाय बाजारातली बाटली म्हणजे तो वाणही नव्हे. दह्याचे पाणी नको, मध नको, घुट्टीही नको. सहा महिने फक्त आईचे दूध.

आणि यात केवळ मनाईच नाही, एक फार सुंदर गोष्ट आहे. आईच्या दुधात काही विशिष्ट साखरा असतात. साखर आणि स्निग्धांश सोडला तर घन पदार्थांत त्यांचाच नंबर लागतो. पण बाळाला त्या पचतच नाहीत! मग निसर्गाने एवढा खर्च कशासाठी केला? तर त्या बाळासाठी नाहीतच, बाळाच्या पोटातल्या बिफिडोबॅक्टेरियमसाठी आहेत. ते जिवाणू या साखरा खाऊन आम्ल करतात आणि त्या आम्लात रोगजंतू वाढत नाहीत. शिवाय काही साखरा आतड्याच्या अस्तरासारख्या दिसतात, जंतू फसून त्यांनाच चिकटतो आणि वाहून जातो. पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट पिवळे दूध तर प्रतिपिंडांनी भरलेले. ते पिळून टाकून देण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. ती थांबली पाहिजे. पाच पैशांचाही खर्च नसलेले हे पहिले संरक्षण आहे.

कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची, आशाताईंच्या भेटी चुकवायच्या नाहीत, बाळ दूध ओढेनासे झाले, थंड पडले, धाप लागली तर उजाडायची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. हे सगळे ताईंना समजावून सांगितले. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या लेकीला फोन लावला.

मोठ्या मुलांच्या जुलाबाचे औषधही ठरलेले आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी ड्रममध्ये कालवून पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. तेच आजचे ओआरएस. एक मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, सोबत १४ दिवस झिंकच्या गोळ्या, आणि खाणे व आईचे दूध चालू. रोटाव्हायरसची लसही आता सरकारी लसीकरणात फुकट मिळते.

धडगाव शाखेत असताना मी पावसाळा पाहिला आहे. झऱ्याचे पाणी गढूळ होते, रस्ता वाहून जातो आणि रुग्णाला झोळीत घालून खाली आणावे लागते. तिथे पोटात किती रोगजंतू जातात हे आधी पाण्यावर ठरते. चांगले जिवाणू कितीही कामसू असले तरी रोज लाखो जंतू पाण्यातून पोटात गेले तर ते किती पुरे पडणार? विहिरीत वेळेवर टीसीएल पावडर पडणे, हंड्यावर झाकण आणि पाणी काढायला ओगराळे असणे, शौचालय असणे, साबणाने हात धुणे, ही कामे आधी. पुढे एखादा तपासलेला वाण सरकारी दवाखान्यातून योग्य बाळांना मिळू लागला तर त्याचे मी मनापासून स्वागत करीन.

पुढच्या अभ्यासाची एक आशादायक दिशा सांगतो. ढाक्याच्या झोपडपट्टीत कुपोषित मुलांना हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन आणि कच्ची केळी यांचे पीठ करून खाऊ दिला. आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना जे लागते ते पाहून हे मिश्रण ठरवले होते. २०२१ मध्ये निकाल आला. नेहमीच्या तयार आहारापेक्षा यात उष्मांक कमी होते, तरी मुलांचे वजन अधिक वेगाने वाढले. हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन, केळी! शहाद्याच्या बाजारात उभे राहिले तर चारही वस्तू समोर दिसतात.

आता शेवटी, सर्वसाधारण सभेपुढे तीन सूचना ठेवतो. एक, गच्चीवरच्या आणि जमिनीखालच्या टाक्या वर्षातून दोनदा धुवाव्यात, त्यातली एक वेळ पावसाळ्यापूर्वी, आणि धुतल्याची तारीख फलकावर लिहावी. दोन, ऑफिसात ओआरएसची पाकिटे कायम ठेवावीत. ती आपल्या सभासदांसाठी आणि इथे काम करणाऱ्या सर्वांसाठी, घरी न्यायलासुद्धा असावीत. खर्च मी काढला आहे, महिन्याच्या देखभाल रकमेत तो दिसणारही नाही. तीन, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर “माझ्याकडे पाच गोळ्या उरल्यात, कोणाला हव्यात का” असे अँटिबायोटिकचे वाटप बंद करावे.

पहिल्या दोन सूचनांना खजिनदारांनी मान डोलावलेली मी पाहिली आहे, तेव्हा ते आता मागे फिरू शकणार नाहीत. सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांना माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा. बाहेर मसाला ताक ठेवले आहे, ते घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये.